ऑरिन ट्वेटच्या वीस पुंगळ्या

ऑरिन ट्वेटने तीस वर्षं काउंटीचा ग्रेडर, म्हणजे कच्चे रस्ते सपाट करायचं यंत्र, चालवला. त्याने सपाट केलेल्या रस्त्यावरून जाताना केलर क्रीक गावची म्हातारी माणसं दाताची कवळी काढून खिशात ठेवत. अर्ध्या फुटाचा खड्डा राहिला तर ऑरिन म्हणायचा, "मोंटानात राहायचं तर एवढं चालायचंच." मात्र हाच माणूस घरी येऊन गॅरेजमध्ये शिरला की इंचाच्या हजाराव्या भागासाठी जीव टाकायचा.

त्या गॅरेजमध्ये तो काडतुसं भरायचा. खरं तर भरणं त्याला दुय्यम होतं. दारू काय, कुणीही मोजून ओततो. त्याचा जीव होता पितळी पुंगळीत. गोळी सुटून गेल्यावर मागे उरलेली, काजळलेली रिकामी पुंगळी इतर लोक उचलायचे ती पैसे वाचवायला. ऑरिन उचलायचा ती संगोपनाला. अक्रोडाच्या टरफलांच्या भुशात घोळवून तिला लख्ख करायची, वाढलेली मान मापात कापायची, कडा आतून-बाहेरून घासायच्या, बुडाचं छिद्र साफ करायचं, मान ज्योतीवर फिरवून मऊ करायची, मग तराजूवर ठेवायची. तो तराजू इतका हळवा की त्याच्याजवळ शिंकायला बंदी होती. त्याच्या बायकोने, मर्नाने, एकदा तिथे टोस्ट खाल्ला तर ऑरिनने शंभर पुंगळ्या पुन्हा तोलल्या.

यापलीकडे त्याचं स्वतःचं एक शास्त्र होतं. बार उडाला की पुंगळी फुगते आणि बंदुकीत ती बसते त्या चेंबरचा आकार घेते. गावातले लोक ती साच्यात घालून सगळीच्या सगळी दाबून लहान करत, म्हणजे पुढच्या वेळी सहज आत जाते. ऑरिन फक्त मान दाबायचा, गोळी धरण्यापुरती. मानेखालचा उतरता खांदा आणि बाकीचं अंग तसंच ठेवायचा. "माझ्या रायफलने स्वतःच्या मापाचा कोट शिवून दिलाय, तो मी कशाला आटवू?" असं तो म्हणायचा. शिकारीला निघण्याआधी सगळं गाव प्रत्येक काडतूस एकदा रायफलीत घालून, मागची कडी म्हणजे बोल्ट बंद होतो ना ते पाहून घेतं. ऑरिन तेही करत नसे. पितळेवर ओरखडे येतात म्हणून.

मर्ना दर वर्षी दुकानातून तयार काडतुसांचा एक खोका आणायची आणि एक हरीण मारायची. ऑरिन त्या खोक्याला गॅरेजमध्ये जागा देत नसे. तो स्वयंपाकघरात, मैद्याच्या डब्यामागे असायचा. फ्रीझरमधलं मांस बहुतेक त्याच खोक्याचं होतं, हा विषय घरात निघत नसे.

ऑरिन एकोणसत्तर वर्षांचा झाला त्या उन्हाळ्यात त्याला रानमेंढ्याचा परवाना लागला. मोठ्या, वळणदार शिंगांचा एडका. त्याच्यासाठी दर वर्षी सोडत निघते. ऑरिन चौतीस वर्षं अर्ज करत होता. परवान्यावर एकच जनावर, एकच मोसम. त्या वयाच्या माणसाला दुसरी संधी नाही, हे पत्र वाचताना ऑरिनलाही कळलं आणि मर्नालाही. तो पत्रपेटीपाशी उभाच राहिला.

"रडतोयस की काय?" मर्नाने विचारलं.

"धूळ गेली डोळ्यांत."

"तुझ्याच रस्त्याची असेल."

मग संपूर्ण उन्हाळा पुंगळ्यांत गेला. तीनशे तोलून त्यांतल्या वीस निवडल्या. त्यांचं इतकं कोडकौतुक झालं की मर्ना म्हणाली, आपल्या मुलींची एवढी निगा राखली असतीस तर त्या डेन्व्हरला पळाल्या नसत्या. पाच वेळा त्या वीसही उडवून पुन्हा तयार केल्या. ऑगस्टात चांदमारीच्या मैदानावर त्याने दोनशे यार्डांवरून पाच गोळ्या एका नाण्याखाली मावतील एवढ्या जागेत मारल्या. शेजारी त्याचा जुना मित्र, बटाटे पिकवणारा डेल्बर्ट क्राउस, दुर्बीण लावून बसला होता.

"ऑरिन, बोल्ट तळहाताने दाबावा लागतोय तुला," डेल्बर्ट म्हणाला.

"घट्ट बसतंय. म्हणजे माप नेमकं आहे."

"माप नेमकं की पुंगळी वाढलीय? दर बाराला थोडी वाढते ती. खांदा थोडा मागे दाब लेका. निदान घालून बघ एकेक."

"तू तुझ्या बटाट्याच्या पोत्यांत घाल काय घालायचं ते."

डेल्बर्टने विषय सोडला. कागदावरची ती पाच भोकं पाहिल्यावर वाद घालायला कुणाला तोंड राहिलं नव्हतं. ऑरिनने घरी येऊन सहाव्यांदा फक्त मानाच दाबल्या, काडतुसं भरली आणि मखमल लावलेल्या पेटीत उभी केली.

नोव्हेंबरात एडके माद्यांमागे खाली उतरतात, म्हणून तो मोसमाच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबला. नदीकाठच्या मातकट घळींमध्ये तो आणि मर्ना तीन दिवस फिरले. चौथ्या दिवशी सकाळी मर्नाने त्याच्या कोपराला हात लावला. दोनशे पावलांवर, उघड्या धारेवर, एडका आडवा उभा होता. त्याची शिंगं गालाला वळसा घालून पुन्हा डोळ्यांपर्यंत आली होती. चौतीस वर्षं ऑरिनने असाच मनात धरला होता.

चढताना रायफल रिकामी ठेवायची त्याची शिस्त होती. तो आडवा झाला, श्वास सावरला आणि पहिलं काडतूस पुढे सारलं. बोल्ट खाली येईना. त्याने दाबला, येईना. ते काढून दुसरं घातलं, तेही तसंच. तिसऱ्याला त्याने तळहाताने ठोसे दिले. त्या टकटकीने एडक्याने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. पळाला नाही. माणसं एवढी कसली खटपट करताहेत ते बघायला तो थांबला असावा. चौथं आत अर्धवट रुतून बसलं, पुढेही जाईना आणि मागेही येईना. मग एडका सावकाश धार उतरून गेला.

ऑरिन तिथेच पालथा पडून राहिला. त्याचे खांदे हलत होते. यावेळी धूळ नव्हती, जमीन गोठलेली होती. मर्नाने थर्मासमधली कॉफी झाकणात ओतून त्याच्यासमोर ठेवली. तिला हसू यायला हवं होतं, असं तिलाच नंतर वाटलं. पण तिला त्याची फार दया आली.

मोसमाचे तीन दिवस उरले होते. घरी जाऊन पुंगळ्या पूर्ण दाबायच्या, नाहीतर मैद्यामागचा खोका घ्यायचा, काहीही चालेल असं ऑरिन गाडीत म्हणाला. चाळीस वर्षांत तो पहिल्यांदाच असं बोलत होता. त्याच संध्याकाळी पावसात मिसळून बर्फ पडलं, घळींच्या रस्त्याचा चिखल झाला आणि गाड्या मोसम संपेपर्यंत आत जाऊ शकल्या नाहीत. त्या रस्त्याला खडी घालायची मागणी दर वर्षी यायची. दर वर्षी ऑरिननेच साहेबांना सांगितलं होतं की गरज नाही.

सोमवारी तो कॅफेत गेला. सगळी टेबलं वाट पाहत होती.

"दिसला?" डेल्बर्टने विचारलं.

"दिसला."

"कसा होता?"

"शिंगं पूर्ण वळलेली. दोनशे पावलांवर, आडवा."

"मग?"

ऑरिनने तोंड उघडलं. डेल्बर्टची नजर समोर होती, ऑगस्टातला त्याचा सल्ला समोर होता. "मारला नाही," एवढंच तो म्हणाला.

यात खोटं काही नव्हतं. पण डेल्बर्टने टोपी काढली. कॉफी देणाऱ्या बाईने ऑरिनकडून पैसे घेतले नाहीत. नाताळपर्यंत गावात कथा तयार झाली: चौतीस वर्षं वाट पाहिली, नेम धरला, जनावराच्या डोळ्यांत पाहिलं आणि रायफल खाली ठेवली. पाद्रीबुवांनी प्रवचनात नाव न घेता उल्लेख केला. सगळे वळून मागच्या बाकाकडे बघत होते. ऑरिनला घाम फुटला, तो नम्रतेचा समजण्यात आला.

फेब्रुवारीत शिकारी मंडळाने रविवारच्या जेवणात त्याचा सत्कार ठेवला. "आज सांगून टाकतो," तो मर्नाला म्हणाला. एल्क हरणाचे मांसगोळे आणि बटाटे झाल्यावर त्याला अक्रोडाच्या लाकडाची एक फळी दिली. तिच्यावर कोरलं होतं: ज्याने जाऊ दिलं त्याला.

"मी जाऊ दिलं नाही," ऑरिन म्हणाला. "बोल्टच बसला नाही. चार काडतुसं घातली, चारही बसली नाहीत."

सगळा हॉल खो खो हसला.

"ऑरिन ट्वेटच्या पुंगळ्या आणि बसल्या नाहीत म्हणे," कुणीतरी मागून ओरडलं.

"खांदे वाढले होते. मी फक्त मानाच दाबल्या. डेल्बर्टने सांगितलं होतं, मी ऐकलं नाही."

"आता मोठेपणा मलाच देतोय बघा," डेल्बर्ट डोळे पुसत म्हणाला. लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. ऑरिन चिडला, त्याने टेबलावर मूठ आपटली. टाळ्या आणखी वाढल्या.

नंतर डेल्बर्टने त्याला दाराशी गाठलं. "इतका गंभीर चेहरा ठेवून थाप मारणारा मी पाहिला नाही. बरं, ऐक. मीही यंदापासून तुझ्यासारखाच फक्त माना दाबतो. घालून बघत नाही. उगाच ओरखडे."

ऑरिनने त्याची बाही धरली. "डेल्बर्ट, तुझ्या पाया पडतो. घालून बघ. एकेक."

"तू लेका भारीच आहेस," असं म्हणून डेल्बर्ट हसत निघून गेला.

गाडीत ऑरिन ती फळी मांडीवर घेऊन बसला. "तू तिथे होतीस," तो म्हणाला. "तू तरी सांगायचंस लोकांना."

"सांगितलं की," मर्ना म्हणाली. "डिसेंबरातच सांगितलं, चर्चच्या बायकांना. त्या म्हणाल्या, मर्ना, देवाने तुला इतका चांगला नवरा दिला आणि तुला त्याचं कौतुक बघवत नाही."