सहाव्या पायरीचे चार शब्द

होडी ओढून वाळूवर घेतली की बुडाला कालवं चिकटलेली दिसतात. कधी चिकटली, कोणाला ठाऊक! कचेरीतले किस्सेही तसेच. तीस वर्षं मी बंदराच्या कचेरीत शिपाई होतो. आता बसल्या बसल्या एकेक खरवडतो. हात दुखतो, पण सुटत नाही.

शाळा मी पाहिली नाही. तरी ऐकून ऐकून चार इंग्रजी शब्द पाठ झाले. चारींचा अर्थ एकच. तेवढाच सांगतो.

*

आमच्या धक्क्याला अकरा पायऱ्या. सहावी फुटलेली. ओहोटीला होडी खाली लागायची, आणि कोळणींना मासळीची पाटी डोक्यावर घेऊन शेवाळावरून वर यावं लागायचं. सहावीवर पाय पडला की संपलं!

कोळीवाड्यातल्या हिराबाईनं पहिला अर्ज केला. अंगठा तिचा, कागद मी नेला. हेडक्लार्क वामनरावांनी साहेबाला वाचून दाखवला. साहेब पाइप न काढता एकच शब्द बोलला, "ट्रायफलिंग."

वामनरावांनी तो अर्जाच्या पाठीवर लिहिला आणि कागद माझ्याकडे दिला.

म्हटलं, "रावसाहेब, अर्थ काय याचा?"

"अर्थ सोपा आहे, महादू. कपाटात ठेव."

*

दोन वर्षांनी साहेब बदलला. हिराबाईनं पुन्हा अंगठा दिला. हा साहेब म्हणाला, "मायनर."

वामनरावांना हा शब्द फार आवडला. घरी कौलं गळत होती, बायको महिनाभर सांगत होती. त्या संध्याकाळी ते तिला म्हणाले, "अगं, मायनर आहे."

दुसऱ्या दिवशी त्यांचा डबा मीच घरून आणला. उघडला तर नुसता भात. मला पुन्हा पिटाळलं, भाजी राहिली म्हणून.

वहिनी दारातूनच म्हणाल्या, "त्यांना सांगा, भाजी मायनर होती!"

रविवारी वामनराव कौलांवर चढले. पायरीचा अर्ज मात्र कपाटातच राहिला. पायरीसाठी त्यांची भाजी कोण अडवणार?

*

याच साहेबाच्या चहाच्या कपाचा कान तुटला. त्याच दिवशी वरच्या कचेरीला कागद गेला, लाल चिठ्ठी लावून. अर्जंट! पाचव्या दिवशी लाँचमधून कपांची नवी पेटी आली.

ओहोटी होती. पेटी डोक्यावर घेऊन मी पायऱ्या चढत होतो. सहावीवर पाय सरकला, कसाबसा सावरलो. वरून साहेब ओरडला, "केअरफुल! कप्स!"

खाली हिराबाई पाटी घेऊन उभी होती. म्हणाली, "महादूदादा, त्या कपांना सांग ना, आमचा अर्ज लिवून देतील!"

*

तिसरा साहेब भला माणूस. म्हणाला, "मी स्वतः बघतो." आम्हाला केवढा आनंद! पण तो आला भर भरतीला. होड्या वरच्या पायऱ्यांना लागलेल्या, सहावी पाण्याखाली. साहेबानं काठी खाली घातली, इकडे तिकडे फिरवली, आणि म्हणाला, "नेग्लिजिबल."

लिहिताना वामनरावांना टाक दोनदा बुडवावा लागला. एवढ्याशा गोष्टीला एवढा लांब शब्द!

संध्याकाळी हिराबाईला जाऊन सांगितलं. दर वेळी मीच सांगायचो. ती जवळा वाळत घालत होती. म्हणाली, "बारक्या मासळीला आमच्यातपन लय नावं हायेत. पन ती समदी तव्यावर जातात रे बाबा. तुमची कुठं जातात?"



*

मग एका सकाळी हिराबाईच सहावीवरून पडली. गुडघा गेला. उजवा पाय पुन्हा वाकलाच नाही. पाटी सुनेच्या डोक्यावर आली. सून यशोदा, सातवा महिना लागलेला.

हिराबाईनं अंगठा दिला तेव्हा पहिल्यांदा माझा हात धरला. "दादा, माजा पाय गेला तो गेला. हिला घालवू नको."

तो अर्ज मी स्वतः साहेबासमोर ठेवला आणि हात जोडले. हा चौथा साहेब. वामनरावांनी वाचलं ते सगळं त्यानं शांतपणे ऐकलं. "व्हेरी सॅड," म्हणाला. मग म्हणाला, "ऑर्डिनरी."

कपाट उघडताना त्या दिवशी चावी फिरेना. कपाट चांगलं होतं, हातच थकला होता.

*

त्यानंतरच्या अमावास्येला, संध्याकाळच्या मोठ्या ओहोटीत, कोळीवाड्यातल्या चौघांनी पायरी बसवली. दगड त्यांचा, चुना त्यांचा. यशोदा त्या पायरीवरून पाटी घेऊन वर आली. 

पंधरा दिवसांत वरून कागद आला. लाल चिठ्ठी! सरकारी धक्क्यात विनापरवाना बदल झाला आहे, पायरी पूर्वी होती तशी करावी, करणाऱ्याच्या होड्या धक्क्याला लागू देऊ नयेत. पायरीच्या नावानं लाल चिठ्ठी मी जन्मात पहिल्यांदा पाहिली.

पाचवा साहेब येऊन आठवडाच झाला होता. टोपी घालून तो धक्क्यावर आला. मागं वामनराव, त्यांच्यामागं मी. ओहोटी होती. साहेब पायऱ्या उतरला, सहावीवर थांबला, बुटानं दाबून पाहिली. हलली नाही.

"हे कोणी केलं?" वामनरावांनी त्याच्या वतीनं विचारलं.

 पाय पसरून मासळी निवडत बसलेली हिराबाई म्हणाली, "मी केलं."

"बाई, साहेब म्हणतात, हे फार सीरियस आहे."

"आसंल," हिराबाई म्हणाली, आणि मासळीनं माखलेल्या बोटांवर मोजायला लागली. "ट्रायफलिंग. मायनर. नेग्लिजिबल. ऑर्डिनरी. चार सायेब सांगून गेले. आता तुमी सांगा, कंचा खरा?"

वामनरावांनी भाषांतर केलं नाही. गरजच नव्हती. साहेबाचे कान लाल झाले होते.

तेवढ्यात यशोदा पाटी घेऊन खालून आली. दिवस भरत आलेले. साहेब सहाव्या पायरीवरच उभा होता. तो बाजूला झाला. ती वर गेली.

मग त्यानं वामनरावांकडून पेन्सिल मागून घेतली, लाल चिठ्ठीच्या कागदावर स्वतःच्या हातानं एक शब्द लिहिला आणि कागद थेट माझ्या हातात दिला.

परतताना वामनराव म्हणाले, "महादू, आज अर्थ विचारणार नाहीस?"

म्हटलं, "कपाटातच ठेवायचा ना?"

"हो."

"मग नको."