हातखंब्याला समुद्र नाही

बिराजदार सरांनी माझ्या टेबलावर मोबाईल ठेवला, नकाशा दोन बोटांनी मोठा केला आणि एका चौफुलीवर बोट टेकवलं. "मॅडम, बेस इथं घ्यायचा."

ते हातखंबा होतं. मुंबई-गोवा हायवे आणि कोल्हापूरहून रत्नागिरीला जाणारा रस्ता तिथे एकमेकांना भेटतात. हातखंब्याला डिझेल मिळतं, चहा मिळतो, पंक्चरवाला मिळतो. समुद्र मात्र मिळत नाही. मी विचारलं, "सर, लेकरांना समुद्र दाखवायचा म्हणत होतात ना?" शेजारच्या खुर्चीत त्यांच्या मिसेस वैशालीताई बसल्या होत्या. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मांडीवरच्या ओवीच्या हातातला माझा स्टेपलर काढून घेतला.

लातुरात मी बरीच वर्षं टूर्सचं ऑफिस चालवते. आमच्या धंद्यात 'बेस' म्हणजे जिथे बॅगा एकदाच उघडायच्या ते ठिकाण. मुक्काम तिथे, आणि तिथून रोज जाऊन-येऊन फिरायचं. लहान लेकरं सोबत असली की बेस निवडायचा माझा नियम साधा आहे. रडणारं मूल कडेवर आणि ओला टॉवेल खांद्यावर घेऊन उन्हात जेवढं चालवतं, तेवढंच अंतर वाळू आणि पलंग यांच्यात असावं. आणि किनारा उथळ असावा, नावाजलेला नसला तरी चालेल. काही नावाजलेल्या किनाऱ्यांवर पाणी माणसाला आत ओढतं. तिथे 'पाण्यात उतरू नये' असे बोर्ड असतात आणि आपली मंडळी त्या बोर्डाला टेकून फोटो काढतात.

या नियमात बसणारं एक घर माझ्या माहितीत होतं. गावाचं नाव सांगत नाही, नाहीतर पुढच्या मेमध्ये मलाच तिथे खोली मिळायची नाही. अंगण संपलं की सुरूची झाडं, झाडं संपली की वाळू. मी फोटो दाखवले. ओवी चार वर्षांची, तिचा भाऊ अर्णव सात वर्षांचा, आणि दोघांनी समुद्र फक्त टीव्हीवर पाहिलेला. ओवी फोटोवरून बोट फिरवून वाळू हाताला लागते का ते बघत होती. सरांनी विचारलं, तिथून मार्लेश्वर किती पडतं?

सर 'नीट'च्या क्लासमध्ये बायोलॉजी शिकवतात. लातुरात एवढं सांगितलं की पुढचं सांगावं लागत नाही. त्यांनी कोकणाचा सिलॅबस काढला होता. प्रत्येक पॉइंटला वेटेज दिलं होतं. गणपतीपुळ्याला भरपूर, पावसला बऱ्यापैकी, जयगडच्या किल्ल्याला मध्यम. समुद्राला वेगळे मार्क नव्हते, कारण तो 'बहुतेक पॉइंटला कॉमन' होता. मग त्यांनी सगळ्या पॉइंटचा मध्य काढला आणि तो हातखंब्याला आला. तिथून काहीच जवळ नव्हतं, पण सगळं सारखंच लांब होतं. सर याला सायंटिफिक म्हणत होते.

दोष त्यांना एकट्याला देता येत नाही. इथून कोकणात जायचं म्हणजे अख्खा दिवस गाडीत जातो. एवढ्या लांब जाऊन एका जागी बसायचं, हे आपल्याकडे कुणालाच पटत नाही. परत आल्यावर शेजारी विचारणार, काय काय पाहिलं? वाळूत बसलो म्हणावं, तर म्हणणार, वाळू काय मांजरा नदीत न्हाई?

वैशालीताई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. वर्षभर शाळा, लेकरं आणि सरांचं टाइमटेबल, तिन्हीची घंटा त्याच वाजवतात. त्या एवढंच म्हणाल्या, "चार दिवस मला सकाळी कुणाला उठवायचं न्हाई." सर म्हणाले की सहाला निघालं तर गर्दी लागत नाही.

गिऱ्हाइकापुढे माझं शहाणपण फार वेळ टिकत नाही. हायवेवरचा एक लॉज बुक केला. पण ओवीचं ते बोट माझ्या डोळ्यांपुढून जाईना. किनाऱ्यावरच्या मालकीणबाईंना फोन करून सांगितलं, खोली इतक्यात कुणाला देऊ नका.

गाडीवर औशाचे युनूसभाई होते. त्यांच्याकडून मला बातम्या कळत होत्या. फिरण्याच्या पहिल्या दिवशी समुद्राला पोचले ते भर दुपारी, आणि ओवी गाडीत झोपलेली. सरांनी फोटो उरकले. दुसऱ्या दिवशी अर्णवने बूट काढले आणि लगेच बूट घालायची वेळ झाली, कारण पुढचं देऊळ बंद होणार होतं.

तिसऱ्या दिवशी युनूसभाईंचा फोन आला. "मॅडम, लेकरं गाडीत बसायला तयार न्हाईत."

"का? कुठं आहेत?"

"रेतीच्या ढिगावर. लॉजसमोर रस्त्याचं काम चालू हाय. दोघं बादली घेऊन किल्ला करून राहिलेत. बेबी म्हणून राहिली, हाच समुद्र हाय, पाणी उद्या येणार हाय. बाजूनं ट्रक चालू हायेत मॅडम, मी हात धरून उभा हाय."

मला हसू आलं, पण ट्रकचं ऐकून म्हटलं, आधी दोघांना रस्त्यापासून लांब न्या. मागून सरांचा आवाज येत होता, उशीर झाला तर एक पॉइंट ड्रॉप होईल. मग फोन वैशालीताईंनी घेतला. "मॅडम, ते पहिलं घर हाय का अजून?"

मी हो म्हटलं.

"मग युनूसभाईला रस्ता सांगा. बॅगा मी भरते."

पुढचं युनूसभाईंनी सांगितलं. सरांनी आयटिनरी डिस्टर्ब होईल, अंतर वाढेल, सगळं समजावून पाहिलं. ताई बॅगेची चेन लावत म्हणाल्या, "तुम्ही करा कव्हर. लेकरं मी नेते."

सर हातखंब्यालाच राहिले, कारण पोर्शन बाकी होता. ताईंना सोडून युनूसभाई परतले, आणि उरलेले दिवस सर रोज सहाला निघून एकेका देवळापुढे एकटेच फोटो काढत राहिले. फॅमिली ग्रुपवर नातेवाईक विचारत होते, वहिनी कुठं हाईत? किनाऱ्यावरून मला एकच फोटो आला. पलंगावर वाळूने माखलेले सहा पाय, आणि खाली लिहिलेलं, आत्ता उठलो. तो पाहून मला माझ्या धंद्याचा फार दिवसांनी अभिमान वाटला.

सर परतले आणि महिन्याभरात क्लासच्या स्टाफरूममध्ये 'ड्युअल बेस मॉडेल' जाहीर झालं. शोध अर्थातच सरांचा. फिजिक्सचे सर येऊन गेले, केमिस्ट्रीचे येऊन गेले. प्रत्येकाला दोन बेस पाहिजेत, एक समुद्रावर फॅमिलीसाठी आणि एक हातखंब्याला कव्हरेजसाठी. मी दोन्ही विकते.

जानेवारीत वैशालीताई शाळा सुटल्यावर एकट्याच आल्या. मला वाटलं, यंदा सर समुद्रावर राहणार असतील. मी चौघांसाठी त्याच घरातली मोठी खोली माझ्या मोबाईलवर दाखवली. त्यांनी मोबाईल हळूच माझ्याकडे परत सरकवला.

"आम्हाला तीच बारकी खोली द्या. अन् सरांचं हातखंबा आधी बुक करा, मॅडम. ते भरलं तर हे तिकडं यायचे."

तेव्हापासून बेस निवडताना मी पहिला प्रश्न बदलला आहे. समुद्र किती लांब पाहिजे ते नंतर. आधी विचारते, सुट्टी कुणापासून पाहिजे?