बुधवार स्टुडिओच्या बाई

बाईंना दोन आवाज होते. एक कॅमेऱ्याच्या अलीकडचा आणि एक पलीकडचा. ग्राहक जिना चढून वर आली की त्या शाळेतल्या बाईंसारखं नीट बोलायच्या. "या, बसा. पाणी घ्या. काही घाई नाही." मग चहा, कपडे निवडणं, माझ्या हातचा मेकअप, सगळं होईपर्यंत तोच आवाज. पण एकदा डोळा कॅमेऱ्याला लागला, की आतून त्यांच्या गावच्या, सुदुंबऱ्याच्या शेतातली बाई बाहेर यायची. "अगं बये, पोट कशापायी आत वढलंस? सोड त्येला. हितं कुनी तुला बघायला आलंय व्हय?"

समोर मुंबईच्या कंपनीतली मोठी अधिकारी असायची, नाहीतर पुण्याची डॉक्टर. तिच्याशी आयुष्यात कुणी असं बोललेलं नसायचं. ती आधी दचकायची, मग खळखळून हसायची, आणि हसू ओसरता ओसरता तिचा जो चेहरा व्हायचा, तो बाई टिपायच्या. मी एकदा विचारलं, "बाई, हे तुम्ही मुद्दाम करता ना?" त्या म्हणाल्या, "मला कुटं कळतंय मी काय बोलते ते! डोळा गुतला की जीभ मोकळी सुटती."

लोणावळ्यात बाजाराच्या गल्लीत, खाली चिक्कीचं दुकान आणि वर आमच्या दोन खोल्या. पूर्वी तिथे बाईंचे वडील पासपोर्ट फोटो काढायचे. वडिलांच्या मागे बाईंनी वीस वर्षं मावळातल्या लग्नांचे फोटो काढले. वडगाव, कामशेत, टाकवे, एकही मांडव त्यांनी सोडला नसेल. मांडवात हार घालून बसलेली नवरी हळूच त्यांच्या कानाशी लागायची, "ताई, एक फोटो फक्त माझ्यासाठी काढाल? अल्बममध्ये नको." असं इतक्या जणी म्हणाल्या, की शेवटी बाईंनी लग्नं सोडली आणि तेवढंच काम धरलं. बायकांनी स्वतःसाठी काढून घेतलेले फोटो. कुणाला रेशमी गाऊनमध्ये खिडकीशी उभं राहायचं असे, कुणाला जुन्या कॅलेंडरवरच्या नटीसारखं लाल लिपस्टिक लावून, ठिपक्यांचा फ्रॉक घालून स्कूटरवर बसायचं असे.

असल्या फोटोंना परदेशात 'बुदवार' म्हणतात, म्हणजे फ्रेंचमध्ये बाईची खासगी खोली, हे बाईंना एका पाहुणीने सांगितलं होतं. त्यांनी पेंटरला फोनवर पाटी सांगितली. त्याला वाटलं, बाईंचा 'ध' नीट उमटत नाही. त्याने ठळक अक्षरांत रंगवून आणलं, 'बुधवार फोटो स्टुडिओ'. मी कपाळाला हात लावला. बाई पाटी लांबून, जवळून बघून म्हणाल्या, "राहू दे. लोकांना वाटंल बुधवारी उघडतो. बरंच हाय की." आणि खरंच त्यांनी बुधवार गावातल्या बायकांसाठी राखून ठेवला. शनिवार-रविवार भुशी धरणाला निघालेल्या गाड्यांची गर्दी, बुधवारी गल्ली रिकामी. कुणाचं लक्ष नसायचं.

मी तेव्हा तळेगावात एका पार्लरमध्ये नवऱ्या सजवायचे. बाईंनी मेकअपला बोलावलं तेव्हा कसले फोटो ते ऐकून मी नकोच म्हणणार होते. त्या म्हणाल्या, "एक दिवस ये. न्हाई पटलं तर जा." पहिल्याच दिवशी बँकेतून निवृत्त व्हायला आलेल्या एक बाई आल्या होत्या. मी त्यांचे डोळे रंगवत होते, तर 'दार लागलंय ना?' असं त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या. काम संपल्यावर बाईंनी त्यांना फोटो दाखवले. त्या पडद्याजवळ वाकून म्हणाल्या, "ही मीच आहे ना?" बाई म्हणाल्या, "दुसरं कोन हाय हितं?" मी घरी 'लग्नाच्या ऑर्डरी आहेत' असं सांगून पुढची दोन वर्षं तिथे जात राहिले. नंतर खरं सांगितलं.

लोणावळ्याच्या पावसाळ्यात भिंतींना, चपलांना, पापडाच्या डब्याला बुरशी येते, तशी लेन्सच्या काचेलाही येते. म्हणून बाई सगळ्या लेन्स एका पत्र्याच्या कपाटात ठेवायच्या आणि आत दिवसभर पिवळा बल्ब जळत ठेवायच्या. त्याच कपाटात खालच्या कप्प्यात गाऊन टांगलेले असत. मला वाटायचं, जागा नाही म्हणून. एकदा जुलैत मीच एक गाऊन हातात घेतला, तर तो इस्त्रीतून काढल्यासारखा ऊबदार! बाहेर धुकं खिडकीला टेकलेलं, फरशी गारठलेली, आणि कपडे उतरवताना अंगावर काटा आलेल्या बाईच्या खांद्यावर तो ऊबदार कपडा पडत होता. बाईंनी हे कधी बोलून दाखवलं नाही.

त्यांचे नियम मात्र बोलून दाखवलेले होते. फोन दारातल्या डब्यात. पुरुष खाली चिक्कीच्या दुकानापर्यंत. नवरा असो, बाप असो, जिना चढायचा नाही. आणि फोटो जिचा, निर्णय तिचा. तिने निवडलेले ठेवायचे, उरलेले तिच्यासमोर पुसायचे. त्यामुळे आमच्या भिंतीवर ग्राहकाचा एकही फोटो नव्हता. होता तो एकच, बाईंचा स्वतःचा. वय चोपन्न. नऊवारीचा काष्टा मांड्यांवर चापून बसलेला, उघडी पाठ, पिकलेल्या इंद्रायणी भाताच्या बांधावर उभ्या राहून मागे वळून बघतायत, हातात विळा. कॅमेरा तिपाईवर ठेवून त्यांनी स्वतःच काढलेला. नवी ग्राहक लाजून बसली की बाई त्या फोटोकडे बोट दाखवायच्या. "ही बघ म्हातारी. हिला काय झालं का?"

आता सरूची गोष्ट सांगायला हवी, कारण बाई मला खऱ्या कळल्या त्या तिच्यामुळे.

सरू टाकव्याची. चाळिशीची. एका रिसॉर्टमध्ये खोल्या आवरायची. एका बुधवारी हिरव्या साटीनचा गाऊन पिशवीत घालून आली. "दुसऱ्यांच्या खोल्यांत रोज गादी घालते," ती म्हणाली, "एकदा आपनबी असं लोळून फोटू काढावा वाटलं." त्या दिवसासारखं काम आमच्याकडे फार थोड्या वेळा झालं. सरू कॅमेऱ्याला बिचकलीच नाही. तिने पलंगावर पडून, केस खाली सोडून, उलट्या मानेने बघत असं काही हसू दिलं, की बाई फोटो काढायचं विसरून म्हणाल्या, "आग्ग बाई!" तिने सहा फोटो निवडले. पुढच्या बुधवारी छापून न्यायचे ठरले.

मंगळवारी दुपारी सरूचा दीर दोन माणसं घेऊन आला. कुणीतरी तिला जिना चढताना पाहिलं होतं. बाई खाली गेल्या आणि जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर उभ्या राहिल्या. मी वर संगणकापाशी होते. सगळं ऐकू येत होतं.

"आमच्या घरातल्या बाईचं फोटू हाईत तुमच्याकडं. द्या ते."

"ज्या बाईचं हाईत तिला पाठवा."

"घरची इज्जत हाय. आमचा हक्क हाय त्याच्यावर."

"तिच्या पोटात दुखलं तर औषध कोन खातं? तुमी?"

चिक्कीवाले शेठ हसले, त्याने दीर अजून पेटला. "बाजूला व्हा मावशी, न्हाईतर आमी वर जाऊन घेऊ." पायऱ्यांवर धप्प असा आवाज आला. मला वाटलं, आले.  मी सरूचे सगळे फोटो निवडले आणि पुसून टाकले. कार्डावरचेही. काही उरलं नाही. 

वर कुणी आलंच नव्हतं. तो आवाज बाईंनी पायरीवर खाली बसकण मारली त्याचा होता. "आता मी हितं बसले," त्या म्हणत होत्या, "मला उचलून जा. बाजार बघतोय." बाजार खरंच बघत होता. भाजीवाल्या उठून आल्या होत्या. पाच-दहा मिनिटं आरडाओरडा करून ती माणसं निघून गेली.

बाई वर आल्या, पाणी प्यायल्या. मी मोठ्या धीराचं काम केल्यासारखं सांगितलं, "बाई, काळजी नको. मी सगळे पुसले."

त्यांनी ग्लास खाली ठेवला. "कुनाला इच्यारून?"

"ते वर येत होते..."

"तिला इच्यारलंस का?"

मी संगणकाच्या रिकाम्या पडद्याकडे बघितलं.

"त्यो खाली हेच म्हनत होता, वैशे. तिच्या फोटूचं काय करायचं ते आमी ठरवनार. तू वर बसून त्येच केलंस."

इतकं लागलेलं मला आयुष्यात काही नाही. मी रडले. बाईंनी समजूत काढली नाही. त्या म्हणाल्या, "तोंड धू. टाकव्याला जायचंय."

संध्याकाळच्या एसटीने आम्ही गेलो. सरूच्या दारात तिचा नवरा मोटरसायकल धूत होता. तो तिथल्याच एका कारखान्यात कामाला, अबोल माणूस. त्याला काही माहीत आहे की नाही, ते आम्हाला ठाऊक नव्हतं. बाई नुसत्याच "सरू हाय का?" म्हणाल्या. सरू बाहेर आली, आमचे चेहरे बघून म्हणाली, "बोला की. यास्नी ठावं हाय समदं."

मी सांगितलं. मीच सांगायचं असं बाईंनी एसटीत बजावलं होतं. सरूचा चेहरा हळूहळू उतरत गेला. ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "सहाच्या सहा?"

मग नवऱ्याने नळ बंद केला आणि बाईंना विचारलं, "कसं आलतं फोटू?"

"लय झ्याक," बाई म्हणाल्या.

"मला म्हनली हुती, बुधवारी दावते." तो फडकं पिळत राहिला. मग म्हणाला, "भावाचं मी बघतो. त्यो परत यायचा न्हाई तिकडं."

तो भावाशी काय बोलला ते कळलं नाही, पण दीर पुन्हा फिरकला नाही. सरू मात्र दोन महिने आली नाही. दर बुधवारी मी खिडकीतून वाट बघायचे. भात झोडून झाल्यावर एके दिवशी नवऱ्यानेच तिला मोटरसायकलवरून आणून सोडलं आणि स्वतः खाली शेठजींच्या बाकावर बसून राहिला. नवे फोटो चांगले आले. पहिल्यासारखे आले नाहीत. ते उलट्या मानेचं हसू परत मिळालं नाही. बाईंनी, सरूने, मी, तिघींनी खूप प्रयत्न केला. सरू फोटो घेऊन खुशीत गेली. बाई मला त्याबद्दल एका अक्षराने बोलल्या नाहीत आणि त्या दिवसानंतर संगणकाचं काम त्यांनी पूर्णपणे माझ्याकडे दिलं. म्हणाल्या, "आता तुझ्या हातून पुसलं जायचं न्हाई."

पुढे चार वर्षं आम्ही बरोबर काम केलं. मग बाईंच्या नजरेच्या मधोमध एक डाग आला आणि तो वाढत गेला. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. डॉक्टर म्हणाले, यावर फार काही होणार नाही. बाईंनी कधी रडगाणं गायलं नाही. सहा महिने त्या माझ्या शेजारी उभ्या राहून मला शिकवत राहिल्या, मग एका सकाळी कॅमेऱ्याचा पट्टा माझ्या गळ्यात घालून भावाकडे सुदुंबऱ्याला गेल्या. स्टुडिओ आता मी चालवते. मेकअपला कामशेतची एक मुलगी येते. बायका येतात, वाढल्याच आहेत.

गेल्या महिन्यात बाईंना भेटायला गेले होते. त्यांची पासष्टी उलटली आहे. ओसरीवर बसल्या होत्या. म्हणाल्या, "कॅमेरा आनलायस ना? काढ माझा." वहिनीला आत पाठवलं, डोक्यावरचा पदर खांद्यावर घेतला, मग खांद्यावरूनही खाली सोडला आणि सकाळच्या उन्हात ताठ बसल्या. मी फोटो काढला.

"सांग कसा आलाय."

मी जवळ बसून सांगू लागले. गळ्याच्या सुरकुत्या, खांद्याचं हाड, केसांची चांदी, हनुवटी वर उचललेली. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. मधेच त्यांनी उजव्या गालावर हात ठेवला, मग डाव्या.

"ऊन हिकडनं लागतंय," त्या म्हणाल्या. "ह्यो गाल गार हाय. फोटूत काळा पडला असंल."

मी पडद्यावर नीट पाहिलं. पडला होता.

"व्हय बाई. पडलाय."

"मग खोटी तारीफ काय करत बसलीस?" त्यांनी खुर्ची स्वतःच उचलून वळवली, उन्हाचा अंदाज घेत तोंड फिरवलं आणि म्हणाल्या, "चल, पुन्ना काढ."