मनकर्णाबाईंनी बाजूला ठेवलेले बारा लाडू

कामठ्याजवळच्या त्या शाळेत मनकर्णाबाई तेवीस वर्षांपासून मुलांचा पोषण आहार रांधत होत्या. निशा मॅडमना तिथं येऊन दोनच वर्षं झालेली. फुलचूरहून स्कूटीनं यायच्या, मुलांवर जीव होता, पण स्वयंपाकघराकडं त्यांचं जाणं फक्त चव बघून वहीत सही करण्यापुरतं. मनकर्णाबाई म्हणजे वेळेवर जेवण देणारी, अंगठा उठवणारी, कमी बोलणारी बाई, एवढीच त्यांची ओळख.

डिसेंबरात आनंद मेळावा ठरला. मुलांनी पदार्थ विकायचे आणि त्यातून पाण्याचं फिल्टर घ्यायचं. यंदा मात्र नियम आडवा आला. तळलेलं, पाकीटबंद आणि थंड पेय शाळेच्या आवारात विकायचं नाही. पालकसभेत किराणावाल्या चैतरामनं तोंडावरच सांगितलं, की समोसा नसेल तर मेळाव्यात कुत्रंही येणार नाही. तेव्हा दाराशी उभ्या मनकर्णाबाई म्हणाल्या, "मी करतो लाडू. घरोघरून मूठमूठ जिन्नस आणा म्हणा पोट्ट्याइले."

कुणी जवस आणलं, कुणी तीळ, कुणी मडक्यात जपलेली मोहफुलं. मनकर्णाबाईंनी ते निवडलं, भाजलं, कुटलं आणि गुळात वळलं. त्या खमंग वासानं मेळाव्याच्या दिवशी आमगावच्या बाजाराला निघालेली माणसंही फाटकाशी थांबली. उकडलेले शिंगाडे होते, फुटाणे-मुरमुरे होते. पण दुपार व्हायच्या आत लाडवांची परात रिकामी झाली. चैतराम स्वतः दोनदा घेऊन गेला.

मनकर्णाबाईंच्या पायाशी मात्र फडक्याखाली एक डबा होता. त्यात बारा लाडू, इतरांपेक्षा मोठे. गिऱ्हाईक परत चाललंय, मग हे का नाही काढत, असं मॅडमनी विचारलं. विकायचे नाहीत, एवढंच उत्तर मिळालं. मेळावा उठल्यावर मनकर्णाबाईंनी एकेका मुलाला स्वयंपाकघरात बोलावलं आणि समोर बसवून तो लाडू खायला लावला.

मॅडमना हे आवडलं नाही. वशिल्याचं वाटलं. बारा नावं त्यांनी टिपून घेतली आणि कार्यालयात बसल्या असताना सहज म्हणून आरोग्य पथकाची यादी उघडली. पथकानं वजनकाटा लावून, उंची मोजून अशक्त मुलं काढली होती. अकरा मुलं. मॅडमनी एकेका नावावर बोट ठेवलं. अकराच्या अकरा त्यांच्या कागदावर होती. त्यांनी पुन्हा ताडून पाहिलं. ती यादी कपाटातून कधी बाहेर गेली नव्हती, आणि गेली असती तरी मनकर्णाबाईंना वाचता येत नव्हतं.

बारावं नाव चौथीतल्या खुशीचं. गुबगुबीत गालांची पोर, वजन अगदी बरोबर. दुसऱ्या दिवशी मॅडम स्वयंपाकघरात गेल्या आणि पहिल्यांदाच तिथल्या पाटावर बसल्या. खुशीला लाडू का दिला, त्यांनी विचारलं.

मनकर्णाबाई तांदूळ निवडत होत्या. "वजनाचं मले नाही समजत, मॅडम. ते पोट्टी दिवाळीपासून कच्चे तांदूळ खाऊन राहिली. ताटातलं सोडते अन् पोत्यातलं चोरते." हात थांबला. "माही पोरगी निर्मलाही असंच करत होती. अंगात रक्त नव्हतं तिच्या. पहिल्या बाळंतपणात गेली. तवा मले समजलं नाही."

मॅडमना आठवलं, खुशी वर्गात खडूचे तुकडे खायची. त्यावरून त्यांनी तिला दोनदा रागावलं होतं.

त्याच दुपारी त्या खुशीच्या आईकडे, रुख्माकडे गेल्या. खुशीला घेऊन दोघी गोंदियाला गेल्या. रक्त तपासलं. डॉक्टरांनी कागद दोनदा पाहिला आणि म्हणाले, वरून काही दिसत नाही, पण रक्त फारच कमी आहे. हे ओळखलं कुणी? रुख्मानं मॅडमकडं बोट दाखवलं. मॅडमनी नकारार्थी मान हलवली आणि मनकर्णाबाईंचं नाव सांगितलं.

औषध सुरू झालं. होळीपर्यंत खुशी कबड्डीत उतरली. फिल्टरही आलं, व्हरांड्यात बसलं.

निशा मॅडम आता जेवणाच्या वेळी रोज पंगतीपाशी उभ्या राहतात. कोण काय सोडतं, कोण दुसऱ्यांदा मागायला लाजतं, ते बघतात. त्यांना जेमतेम चार-पाच मुलं कळतात. मनकर्णाबाई वाढत पुढं जातात, कुणाशी न बोलता, आणि एखाद्या ताटात न मागता डाव पुन्हा रिता होतो. मॅडम त्या मुलाकडं निरखून बघतात. काय दिसलं असेल, ते त्यांना अजून उमगत नाही.