अरडूसो नाही, अरडूसी

आमचे हिलालमामा गुजरातेत लिंबायतला लूमवर एकतीस वर्षं. धाग्याची धूळ छातीत बसलेली, खोकला कायमचा. प्रमिलामामी रोज सकाळी अडुळशाची पानं गूळ टाकून उकळायची. मामा रातपाळीहून येऊन झोपायचे, उठले की उशाशी पेला तयार.

दिवाळीनंतर मामी वारली. खोकला वाढला तेव्हा मामांच्या ध्यानात आलं, पानं ती आणायची कुठून ते आपण कधी विचारलंच नाही.

मेडिकलवाली अश्विनी आपली धुळ्याकडचीच. तिने गोळी दिली. म्हणे, "काका, पानांत कशाला पडता? अडुळशात जो गुण सापडला ना, त्याच्यावरूनच ही बनवली. ब्रोमहेक्झिन."

गोळीने कफ सुटला, खोटं कशाला बोलू. पण मामा म्हणे, "कडू नाही लागत वं पोरी."

मग भाजीवालीला सांगितलं. तिला अडुळसा कळेना, तर मामांनी आपली गुजराती लावली, "अरडूसो, अरडूसो." तिने पिशवीभर पाला आणला. उकळला तर असा वास सुटला की शेजारची सोनाली नाक धरूनच आली.

"मामा, चप्पल शिजवताय का?"

मामांनी पाला दाखवला. ती म्हणे, "अहो, अरडूसो म्हणजे ते मोठं झाड. तुम्हाला अरडूसी पाहिजे, म्हणजे आपला अडुळसा. मामी रेल्वे फाटकापलीकडच्या रेवाबेनकडून आणायची ना! तुम्हाला माहीत नाही?"

मामांनी पातेलं मोरीत ओतलं.

दुसऱ्या दिवशी गेले. आंगणात माणसाएवढं झुडूप, पांढरी फुलं. म्हातारी रेवाबेन एकटीच राहते, कुठं जाणं-येणं नाही. "प्रमिलाबेनचे घरवाले?" म्हणत तिने खाट पुढे केली अन् बोलतच सुटली. मामी रोज तासभर बसायची म्हणे. मामांच्या सुपरवायजरची नक्कल करायची, हसून हसून चहा सांडायची. मामांनी मामीला नक्कल करताना कधी पाहिलंच नव्हतं.

"बे महिना थया. केम नथी आवती? गाम गई छे?" दोन महिने झाले, का येत नाही, गावाला गेली का, विचारत होती.

मामांच्या तोंडून निघून गेलं, "हा. गाम."

आता रोज जातात. ती पानं तोडून देते, मामी आली का विचारते, "आवी?" मामा नाही म्हणून मान हलवतात. मी म्हटलं, मामा, सांगून टाका ना एकदाचं.

मामा म्हणे, "सांगितलं तर ती बी रडंल, मंग गप बसंल. आता निदान तुझ्या मामीचं काहीबाही सांगते तरी."