उतरवलेला अंगरखा

"उतरवा तो अंगरखा," मोठे काका म्हणाले.

कार्तिकी एकादशीची सकाळ होती. चामराजपेटमधलं आमच्या समाजाचं विठ्ठलाचं देऊळ. पडदा नुकताच सरकला होता. भजनाची मंडळी, बायका, पोरंबाळं, सगळे हात जोडून उभे. देवाच्या अंगावर मी शिवलेला पिवळ्या रेशमाचा अंगरखा होता. पुजारी गोंधळून काकांकडे बघत राहिला.

"उतरवा म्हटलं ना. हा पोरगा पुरुषासंगं राहतो. स्वतःच्या तोंडानं कबूल केलंय त्यानं. याच्या हातचं देवाला चालणार नाही."

बोट माझ्याकडे. मी खांबापाशी उभा होतो, आप्पांच्या शेजारी. टाळ थांबले. पुजाऱ्यानं बंद सोडायला घेतले. अकरा बंद होते. एकेक सुटेपर्यंत कुणी हललं नाही. देव उघडा होत होता आणि लोक माझ्याकडे बघत होते. कुठल्याशा बाईनं पोराचे डोळे झाकले. आप्पा माझ्यापासून दोन पावलं बाजूला सरकले.

दोनच पावलं. पण ती मला अजून दिसतात.

आम्ही शिंपी. आमच्या घराण्याला या देवळात एकच मान, देवाचा पोशाख शिवण्याचा. आजोबांनी शिवला, आप्पांनी शिवला. आप्पांची नजर अधू झाली तेव्हा तो मान थोरल्या मुलाकडे, अण्णाकडे जायला हवा होता. पण अण्णाचा हात कपड्यावर बसत नाही. तो गिऱ्हाइकाशी गोड बोलतो, पावती फाडतो, सरळ शिलाईत मात्र वाकडा जातो. म्हणून एकोणिसाव्या वर्षी मान माझ्याकडे आला.

विठ्ठलाचा अंगरखा शिवणं सोपं नाही. त्याचे हात कमरेवर. आपल्यासारखी बाही शिवली तर हात आत जाणारच कसा? बाही खालून उघडी ठेवायची, बंदांनी बांधायची, आणि कोपराशी चुणी येऊ द्यायची नाही. देवाला टेप लावत नाहीत. सुताच्या दोऱ्यानं माप घ्यायचं, छातीला एक गाठ, कोपराला एक, मनगटाला एक. माप घेताना गाभाऱ्यात फक्त पुजारी आणि मी. थंडगार काळा दगड, त्यावर माझे हात. तेव्हा मला कुणाची भीती वाटायची नाही. मला वाटायचं, याला माझं सगळं माहीत आहे, आणि माहीत असूनही हा मला जवळ येऊ देतोय.

पोशाख तयार झाला की एक रीत. एकादशीला पहाटेच्या पूजेआधी शिवणाऱ्यानं तो डोक्यावर घेऊन गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी उभं राहायचं आणि तीन वाक्यं म्हणायची. कापड निर्मळ. टाका निर्मळ. मन निर्मळ. मग पुजारी पोशाख आत घेतो. आजोबा ही वाक्यं एका दमात म्हणायचे, आप्पाही तशीच. कुणी त्यांचा अर्थ लावत बसलं नव्हतं.

मी लावत बसलो. तिथं माझं चुकलं.

मंजुनाथ येलहंक्याहून आमच्या दुकानात यायचा. तिथल्या एका कारखान्यात लेथवर काम करायचा. पहिल्यांदा आला तो पॅंट कमरेत आवळून घ्यायला. दुसऱ्यांदा आला तेव्हा त्या पॅंटला काहीच झालेलं नव्हतं. तिसऱ्यांदा आल्यावर त्यानं ते हसत कबूल केलं. रविवारी आम्ही बसनं लांब कुठंतरी जायचो, भेळ खायचो, परत यायचो. तो कन्नडमध्ये बोलायचा, मी मराठी मिसळून. आमच्यात जे होतं त्याला माझ्या भाषेत नाव नव्हतं. शिव्या मात्र भरपूर होत्या, शाळेपासून ऐकलेल्या. कायद्यातही तो गुन्हाच होता. ते मला एका गिऱ्हाइकानं शर्टाचं माप देता देता हसत सांगितलं होतं, दुसऱ्याच कुणाबद्दल बोलताना.

मंजू भेटल्यानंतर दोन वर्षं मी उंबऱ्याशी उभा राहून 'मन निर्मळ' म्हणालो आणि दोन्ही वेळा जीभ जड झाली. मंजूवर प्रेम होतं म्हणून नाही. ते मला कधी मळ वाटलं नाही, खरंच नाही. मळ वाटायचा तो लपवण्याचा. घरात खोटं, दुकानात खोटं, आणि तेच तोंड घेऊन देवासमोर उभं राहायचं.

त्या दिवाळीत हुबळीचं स्थळ आलं. मोठ्या काकांनीच आणलेलं. मोठे काका म्हणजे देवळाचे अध्यक्ष, चिकपेटमध्ये साड्यांचं घाऊक दुकान. देवाचं रेशीम त्यांच्याकडून यायचं, आणि आमच्या दुकानातलं निम्मं ब्लाउजचं कामही. त्यांच्या शब्दावर समाजात लग्नं जमायची आणि मोडायची. मुलीचा फोटो आई देवाजवळ ठेवून बसली होती. साधी, शांत चेहऱ्याची मुलगी. तिचं काय चुकलं होतं?

एकादशीच्या आदल्या दिवशी दुपारी मी चिकपेटला गेलो. काका गादीवर बसले होते. नोकराला त्यांनी कॉफी आणायला पाठवलं. मी पायाशी बसलो आणि सांगितलं. मला लग्न करायचं नाही, मला एक मित्र आहे, त्याच्याशिवाय माझ्या मनात कुणी नाही. उद्या तिसरं वाक्य म्हणायचं आहे, ते खरं व्हावं म्हणून तुमच्या कानावर घालतोय. तुम्ही देवळाचे वडील.

मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"बरं केलंस सांगितलंस. सरी, ठीक आहे. जा आता."

मी चिकपेटपासून घरापर्यंत चालत आलो. एवढं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. मूर्ख होतो. हात डोक्यावर ठेवला म्हणजे आशीर्वादच असतो, असं मला वाटायचं.

दुसऱ्या दिवशी पहाटे उंबऱ्याशी मी तिन्ही वाक्यं मोठ्यानं म्हणालो. काका तिथंच, हाताच्या अंतरावर उभे होते. गप्प राहिले. पुजाऱ्यानं पोशाख आत नेला, देवाला चढवला, तरी गप्प. देऊळ माणसांनी भरून पडदा सरकेपर्यंत ते थांबले. त्यांना मला नुसतं थांबवायचं नव्हतं. सगळ्यांसमोर उघडं करायचं होतं.

मग देवाला गेल्या वर्षीचा पोशाख घातला. पेटीतून काढून, घाईघाईनं. तोही मीच शिवलेला होता, ह्याच हातांनी. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे मूग गिळून बसले. खोटं बोलून दिलेला पोशाख देवाच्या अंगावर होता. खरं बोलून दिलेला वर्तमानपत्रात गुंडाळून अण्णाच्या हातात. भजन पुन्हा सुरू झालं. मी खांबाला टेकून ते पूर्ण ऐकलं.

घरी कुणी मारलं नाही. ओरडलंही नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं त्या दिवसांत फार वाटायचं. आप्पा माझ्याशी बोलायचे थांबले. काही सांगायचं असलं की माझ्यादेखत अण्णाला सांगायचे, "त्याला म्हणावं काजं करून ठेव." आई माझ्या कॉफीत अंगारा टाकायची. तळाशी राख दिसायची. मी ती पिऊन टाकायचो, कारण तेवढंच तिच्या हातात होतं. वहिनीनं पोराला माझ्या मांडीवर द्यायचं बंद केलं. हुबळीचं स्थळ अर्थात मोडलं, आणि काकांकडून येणारं ब्लाउजचं कामही बंद झालं.

मंजूला मी सगळं सांगितलं. "माझं नाव घेतलंस?" त्यानं एवढंच विचारलं. घेतलं नव्हतं. तरी पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. कारखान्यात फोन केला की कुणीतरी सांगायचं, तो मशीनवर आहे. सहा महिन्यांनी कळलं, तुमकूरची मुलगी केली. मी त्याला दोष देत नाही. पण रडलो. मशीनवर बसून, पायडल मारत, आवाज ऐकू जाऊ नये म्हणून शिलाई नसतानाही मशीन चालवत रडलो.

देवळात जाणंही सुटलं. मला कुणी मनाई केली नव्हती. पण आई म्हणाली, "स्वल्प दिवस नको जाऊस रे. लोक विसरतील." मी ऐकलं. एकादशीला लहानपणापासून धरलेला उपास मात्र सोडला नाही. देवावर माझा राग नव्हता. त्याला उघडं केलं तेव्हा तो तरी काय करणार होता.

वर्ष गेलं. कार्तिकी एकादशीला पंधरा दिवस उरले होते. काकांनी दुसऱ्या शिंप्याला बोलावून माप घ्यायला लावलं होतं. त्याचा अंगरखा कोपराशी फाटला. दुसरा केला, तो छातीवर बसेना. एका संध्याकाळी आप्पा दुकानात आले. हातात रेशमाचा तुकडा, या वेळी निळा. त्यांनी तो माझ्या मशीनवर ठेवला आणि वर्षभरात पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलले.

"तू शिव."

मला काय झालं ते सांगता येत नाही. वर्षभर ज्या आवाजासाठी झुरलो तो समोर होता. मी रेशमावर हात ठेवला. माप तर पाठ होतं, दोरासुद्धा लागला नसता.

"मोठे काका म्हणाले?" मी विचारलं.

"हो." आप्पा खाली बघत होते. "देवळात अण्णा घेऊन जाईल. अण्णानं शिवला असं सांगायचं. तू त्या दिवशी घरीच राहा."

"आणि उंबऱ्याशी?"

"अण्णा म्हणेल."

"मन निर्मळ, हे अण्णा म्हणेल?"

अण्णा काउंटरवर पावतीपुस्तकाची पानं उलटत होता. मान वर केली नाही. त्याला सगळं ठरलेलं माहीत होतं, हे मला तेव्हा कळलं.

"काका काम परत सुरू करतो म्हणालेत," आप्पा म्हणाले. "घर चालायला पाहिजे, बाळा. तू बसलास तर हळूहळू सगळं मागे पडेल. मी पण..."

बाळा. ही हाक मी किती वर्षांनी ऐकत होतो. त्या एका शब्दासाठी मी शिवला असता. खरं सांगतो, कात्री हातात घेतली होती. हात घ्यायचे आणि माणूस घरी ठेवायचा. टाके माझे, तोंड अण्णाचं. आणि याला ते मागे पडणं म्हणत होते.

मी कात्री खाली ठेवली.

"मी नाही शिवणार, आप्पा."

"देवासाठी रे."

"देवासाठीच नाही शिवणार."

त्यांनी रेशीम उचललं. मला त्यांच्या पायांवर पडावंसं वाटत होतं आणि मी पडलो नाही. दुकानामागच्या घरातून आई आली, दारात उभी राहिली. तिला सगळं ऐकू गेलं होतं.

"मग तू राहणार कुठं?" ती म्हणाली.

तिनं रागानं नाही विचारलं. काळजीनंच विचारलं. म्हणून जास्त लागलं. या घरात राहायची अट काय आहे हे तिलाही पक्कं ठाऊक होतं, आणि ती अट तिला बदलता येत नव्हती.

राजाजीनगरात एका तयार कपड्यांच्या कारखान्यात मी कामाला लागलो. तिथं दिवसाला ठरलेल्या कॉलर शिवायच्या, बस. एक खोली घेतली. आई महिन्यातून एकदा येते, डबा आणते, अजून एखाद्या मुलीचा फोटो पिशवीत असतो. ती तो बाहेर काढत नाही आणि मी विचारत नाही. आप्पा आले नाहीत.

त्या एकादशीला मी देवळात गेलो. आंघोळ करून, उपास धरून, पुढच्या दारानं. देवाच्या अंगावर कुठूनतरी आणलेली आयती शाल गुंडाळली होती. काका रांगेच्या तोंडाशी उभे होते. "तुला कुणी बोलावलं?" त्यांनी हळूच विचारलं, लोकांना ऐकू जाणार नाही असं.

"मला बोलावणं लागत नाही," मी म्हणालो, लोकांना ऐकू जाईल असं.

ते बाजूला झाले नाहीत. मीही झालो नाही. मागची रांग थांबली, कुजबुज सुरू झाली, कुणीतरी म्हणालं जाऊ द्या हो त्याला. मी त्यांना वळसा घालून पुढं गेलो. उंबऱ्यापर्यंत गेलो, हात जोडले, देवाकडे बघितलं. काही मागितलं नाही. क्षमा तर नाहीच.

आप्पांशी बोलणं झालं नाही म्हणून मी आजही आतून तुटतो. ते कधी भरून येईल असं वाटत नाही. पण दरवर्षी मी त्या देवळात जाणार, तोंड वर करून, आणि कुणी विचारलं मी कोण, तर पूर्ण सांगणार. जिथं माझं नाव चालत नाही तिथं माझा हात मिळणार नाही. बापानं मागितला तरी नाही.