व्याह्यांसमोरचा शून्य

काकवीचा वास आला की मला वरवंडजवळच्या हॉस्पिटलातली ती सकाळ आठवते. पोटाच्या ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी एक आबा घरी निघाले होते. त्यांचे व्याही काकवीची बाटली घेऊन भेटायला आले होते आणि झाकण सैल असल्यानं सगळा वॉर्ड गोड वासानं भरला होता. मी तिथली नर्स. दुखणं दहापैकी किती ते विचारून, ताप-नाडीसोबत कॉम्प्युटरात भरायचं, मग तो धोका किती ते सांगायचा. “काय दुखत न्हाई, सिस्टर,” आबा म्हणाले. मी शून्य भरला. स्क्रीन हिरवी झाली. पण आबांनी चादर मुठीत आवळून धरली होती. “कॉम्प्युटर सोडा म्हणतोय, सोडा त्यांना,” डॉक्टर म्हणाले. “मग डिस्चार्जच्या कागदावर सही तुम्ही करा, मी सोडणार नाही,” असं म्हणून मी व्याह्यांना सरळ बाहेर काढलं. “आम्ही काय परकं हाय का?” ते भडकले. दार लागताच आबा पुटपुटले, “पोरी, श्वास घेतला तरी कळ येतीया. लेकीच्या सासऱ्याम्होरं कसं कण्हू? दहातलं नऊ लिव.” मी शून्य काढून नऊ भरले. स्क्रीन लाल झाली. डॉक्टरांनी पुन्हा तपासलं, तर आतला टाका सुटला होता. दुपारी पुन्हा ऑपरेशन झालं आणि आबा वाचले. यंत्र खोटं बोललं नव्हतं, ते खोटं मीच त्याला भरवलं होतं. आजही आकडा विचारण्याआधी मी सगळ्या पाहुण्यांना बाहेर काढते. तक्रारवहीत माझं नाव सारखं येतं. येऊ दे.